चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासावा काय?

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढावी आणि इंजिन बंद पडले नाही तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा जनित्र) ठणठणीत समजावा, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत तो खपून जात असे, कारण त्यांत बिघडण्याजोगे इलेक्ट्रॉनिक फारसे काही नव्हतेच.

आजच्या गाडीत बॅटरी केवळ वीज साठवत नाही, तर विजेच्या दाबातील (व्होल्टेजमधील) चढउतारही शोषून घेते. अल्टरनेटर मोठा प्रवाह देत असताना ती अचानक सुटली, तर दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरने सांगितले तरी रोटरमधील (अल्टरनेटरच्या फिरत्या भागातील) चुंबकीय क्षेत्र क्षणात ओसरत नाही, आणि त्या अंशसेकंदात, संरक्षक डायोड नसल्यास, 12 व्होल्टच्या यंत्रणेत दाब 100 व्होल्टच्या घरात जाऊ शकतो. त्याचा तडाखा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि सेन्सरांना बसतो. शिवाय निष्कर्षही फसवा असतो: आतला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) निकामी असलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिन चालू ठेवू शकतो.

योग्य तपासणीला फक्त मल्टिमीटर लागतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भारित बॅटरीच्या टर्मिनलांवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5. काही नव्या गाड्यांत ईसीयूच चार्जिंग मुद्दाम कमी करतो, म्हणून हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा मोजावे. तार काढायचीच असेल, तर इग्निशन बंद करून, काही मिनिटे थांबून, आधी ऋण टर्मिनल सोडवावे.