फाइल-परवानगी (डेस्कटॉप संगणकावरील)

फाइल-परवानगी : एखादी फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची आणि कोणी चालवायची, हे ठरवणारी संगणकातील नोंद. ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) असा संदेश आला की लोक सॉफ्टवेअरला दोष देतात आणि ते काढून पुन्हा टाकतात. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर धड असते. ते ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याला तेवढा अधिकार नसतो. म्हणून आधी फाइलचा मालक पाहावा.

बेल लॅब्समध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमची पद्धत आज लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये दिसते. मालक, गट आणि इतर असे तीन हक्कदार. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. प्रत्येक हक्कदारासाठी यांची बेरीज केली की एक अंक मिळतो, आणि असे तीन अंक ओळीने लिहिले की परवानगीचा आकडा होतो. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी नुसते वाचावे.

फोल्डरला हेच आकडे लागतात, पण त्यांचा अर्थ बदलतो आणि फसगत होते ती इथेच. फोल्डरवरचा १ म्हणजे आत शिरण्याची मुभा. वाटेतल्या एकाही फोल्डरवर ती नसेल, तर आतल्या फाइलवर सगळे हक्क असूनही ती उघडत नाही. नवी फाइल करणे, जुनी पुसणे हे हक्कही फोल्डरकडे असतात. लिब्रेऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर दस्तऐवज उघडताना त्याच्या शेजारी एक छोटी कुलूप-फाइल तयार करते. काही संपादक (मजकूर लिहिण्याची सॉफ्टवेअर) आधी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिला मूळ नाव देतात. अशा वेळी फाइलवर लिहिण्याचा हक्क असून भागत नाही, तो फोल्डरवरही लागतो.

लिनक्सवर वारंवार आढळणारे कारण ‘सुडो’चे, म्हणजे पूर्ण अधिकाराने काम करवणाऱ्या आज्ञेचे, आहे. संपादक एकदा ‘सुडो’ लावून उघडला की त्याने लिहिलेली सेटिंगची फाइल ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची होऊन बसू शकते. दुसऱ्या दिवशी तोच संपादक साध्या वापरकर्त्याच्या नावाने उघडला, तर सेटिंग जतन होत नाही. इथे ‘सीएचओन’ आज्ञेने मालकी परत घ्यावी. सरसकट ७७७, म्हणजे सर्वांना सगळे हक्क, देणे हा उपाय नव्हे, नवा धोका आहे : ती फाइल त्या संगणकावरच्या कोणालाही बदलता येते. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या एसएसएचची खाजगी किल्ली (ओळख पटवणारी गुप्त फाइल) इतकी उघडी दिसली तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते.

विंडोजमध्ये एनटीएफएस ही डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत (१९९३) प्रत्येक फाइलला हक्कांची यादी जोडते. जुन्या संगणकाची डिस्क नव्याला लावली की यादीत नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो, तो जुन्या खात्याचा असतो आणि नवा संगणक त्याला ओळखत नाही. ‘टेकओन’ आज्ञेने मालकी आणि ‘आयकॅकल्स’ आज्ञेने हक्क घेतले की फाइली उघडतात. मात्र ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये सॉफ्टवेअरला लिहिता येत नसेल तर तिथले हक्क सैल करू नयेत, कामाच्या फाइली ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवाव्यात.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांसाठी प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळी संमती लागते. लिनक्सवर स्नॅप आणि फ्लॅटपॅक या बांधणीत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही असेच कुंपण असते. पेन ड्राइव्ह फाइल-व्यवस्थापकात उघडतो, पण स्नॅपमधून बसवलेल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही, तेव्हा परवानगीचे आकडे बदलणारी ‘सीएचमॉड’ आज्ञा कितीही चालवली तरी फरक पडत नाही; संगणकाच्या सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरसाठी काढता येण्याजोग्या डिस्कची परवानगी चालू करावी लागते.