पार्श्वभूमी: दिवाणी दाव्यातला इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि ६५-बी चं सर्टिफिकेट

दिवाणी दाव्यात कागद नुसता फाइल करून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने त्याची चौकट घालून दिली. आधी मूळ कागद आणा, तो हरवला, नष्ट झाला किंवा समोरच्याच्या ताब्यात असून नोटीस देऊनही तो काढत नसेल तरच नक्कल चालेल, सही कुणाची ते सांगणारा कुणीतरी हवा, ३० वर्षं जुना कागद योग्य ताब्यातून आला तर कोर्ट तो खरा धरू शकतं, वगैरे. सव्वाशे वर्षं हे बरं चाललं कारण कागदाच्या बाबतीत मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे सहसा बघून कळतं. २००२ मध्ये सरतपास, म्हणजे साक्षीदाराची त्याच्याच बाजूने होणारी पहिली साक्ष, शपथपत्रावर यायला लागला आणि शपथपत्रासोबत जोडलेल्या कागदांवर निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुराव्याचा नंबर, नेमकी कधी टाकायची यावरून वेगळाच वाद सुरू झाला, तो इथे सोडून देतो. एवढंच सांगतो की निशाणी पडली म्हणजे मजकूर खरा ठरला असं अजिबात नाही, आणि हे अजूनही बऱ्याच पक्षकारांना कुणी नीट सांगत नाही.

खरा गुंता सुरू झाला २००० मध्ये. आयटी कायदा आला, त्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ए आणि ६५-बी घातली. कॉम्प्युटरमधून काढलेला प्रिंट किंवा सीडी पुराव्यात द्यायची असेल तर सोबत सर्टिफिकेट हवं, त्यात रेकॉर्ड कुठलं, ते कसं तयार झालं, कुठल्या मशीनवर, आणि खाली सही त्या मशीनच्या किंवा कामकाजाच्या बाबतीत जबाबदार अधिकारपदावर असलेल्या माणसाची. ही शब्दरचना इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातून जवळपास तशीच उचललेली, आणि दुःखाची गोष्ट अशी की तिथे ते कलम १९९५ च्या कायद्याने काढूनही टाकलं होतं. म्हणजे ऑफिसात एक मोठं मशीन आणि त्याचा एक प्रमुख अशा काळासाठी लिहिलेला नियम आपण घेतला, आणि पुढे तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलला लावत बसलो.

पहिली काही वर्षं त्याची झळ फारशी बसली नाही. २००५ मध्ये एका मोठ्या फौजदारी केसमध्ये सगळ्यात वरच्या कोर्टाने कॉल रेकॉर्डच्या प्रिंटआउटबद्दल सांगितलं की सर्टिफिकेट नसलं तरी दुय्यम पुराव्याच्या, म्हणजे नकलेच्या, नेहमीच्या कलमांखाली तो सिद्ध करता येतो. मग २०१४ च्या सप्टेंबरमध्ये एका निवडणूक याचिकेत तीन न्यायमूर्तींनी हे उलटवलं. प्रचारातली गाणी आणि भाषणं कॉम्प्युटरवर घेऊन त्याच्या सीडी बनवल्या होत्या, सर्टिफिकेट नव्हतं, सीडी बाद. विशेष कलम असताना सामान्य कलमाकडे वळता येणार नाही हा त्यामागचा तर्क, आणि तर्क म्हणून तो चुकीचा नाही. पण आधीच्या निकालावर भरवसा ठेवून ज्यांनी पुरावा दिला होता त्यांचं काय, याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींनी थोडी सवलत दिली, ज्याच्या हातात मशीनच नाही त्याच्याकडे सर्टिफिकेट मागू नका. खालच्या कोर्टात मग ज्याला जो निकाल सोयीचा तो दाखवायचा असं झालं.

याचा निवाडा झाला जालन्याच्या केसमध्ये, १४ जुलै २०२० ला. मूळ भांडण २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचं, उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत आला की नंतर, एवढाच प्रश्न. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग होतं, पण याचिकाकर्त्यांनी पुन्हा पुन्हा मागूनही त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या उलटतपासातली उत्तरं पुरेशी मानून निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाने ती रद्दच ठेवली, पण कायदा वेगळा सांगितला, तोंडी साक्ष सर्टिफिकेटची जागा घेऊ शकत नाही, सर्टिफिकेट लागतंच, २०१८ चा निकाल चुकीचा. मूळ मोबाईल किंवा लॅपटॉपच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केला आणि रेकॉर्ड त्यावरच आहे हे सिद्ध केलं तर मात्र सर्टिफिकेटची गरज नाही.

सगळीकडे एवढंच सांगितलं जातं. माझ्या मते त्या निकालाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सर्टिफिकेट मागूनही मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, ते देण्याचा हुकूम कोर्ट काढू शकतं, आणि पक्षकाराने हातात होतं ते सगळं केलं असेल तर अशक्य गोष्टीसाठी त्याला अडवता येणार नाही, जालन्याच्या याचिकाकर्त्यांना हीच सूट मिळाली. बँकेचं किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्ड ज्याला हवंय, पण ज्याचा त्या मशीनशी काही संबंध नाही, अशा साध्या वादी-प्रतिवादीसाठी हाच एक दरवाजा उघडा आहे, आणि तो अर्ज वेळेत न केल्यामुळे खरा पुरावा बाहेर राहणं हे फार वाईट आहे. दुसरी बाजू, २०१७ च्या एका निकालाप्रमाणे समोरच्याने ट्रायलमध्ये सर्टिफिकेटबद्दल हरकतच घेतली नाही तर अपिलात ती काढता येत नाही, त्यामुळे हरकत त्याच वेळी नोंदवून घेणं दोघांनाही कळायला हवं.

१ जुलै २०२४ पासून जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-बी चं कलम ६३ झालं, सर्टिफिकेटचा ठरलेला नमुना आला, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायची आणि दोन भाग, एक पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. छेडछाड पकडायला हॅश उपयोगी आहे यात वाद नाही, पण दोन व्हॉट्सॲप मेसेजसाठी तज्ज्ञ गाठणं छोट्या रकमेच्या दाव्यात परवडणारं नाही, आणि हे ओझं जुन्या ६५-बी पेक्षा नक्कीच जास्त आहे. शिवाय त्या तारखेला चालू असलेले दावे जुन्याच कायद्याने पुढे जातात, त्यामुळे अजून काही वर्षं एकाच कोर्टात एका दाव्यात जुनं सर्टिफिकेट आणि दुसऱ्यात नवा नमुना असंच चालणार.