सकाळचा थरथरता हात : मद्यव्यसनाची लक्षणे वैद्यकाने कशी ओळखली

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो, तोंड धुताना कोरड्या ओकाऱ्या येतात आणि दारूचा घोट पोटात गेला की थोड्याच वेळात हे सारे थांबते. मद्यव्यसनाचे याहून बोलके लक्षण क्वचितच सापडेल. तरीही ज्याचा हात थरथरतो तो त्याला अशक्तपणा म्हणतो, आणि घरच्यांना वाटते की रात्रीची अजून उतरलेली नाही. खरे तर रात्रीची पूर्ण उतरत चालली आहे म्हणूनच हात थरथरत असतो. ही साधी गोष्ट वैद्यकालाही फार उशिरा कळली. माणूस हजारो वर्षांपासून दारू पितो आहे. पण ती न सुटणे हा आजार आहे, असे डॉक्टर ठामपणे म्हणू लागल्याला अडीचशे वर्षेही झालेली नाहीत. लक्षणे तेव्हाही हीच होती. त्यांच्याकडे पाहण्याची पद्धत बदलत गेली आणि तिच्याबरोबर सुटकेच्या वाटाही बदलल्या.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला आणि १७५१ मध्ये ब्रिटिश संसदेला तिच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. अशा कडक दारूचे शरीरावर आणि मनावर होणारे परिणाम सांगणारी पुस्तिका १७८४ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी लिहिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक होते. पिणे सुरुवातीला स्वेच्छेने होते आणि सवय जडली की नाइलाजाने होऊ लागते, असे त्यांनी पुढे मांडले. बिअर आणि वाइन त्यांनी निरुपद्रवी मानल्या, ही त्यांची मोठी चूक होती. ब्रिटिश आरमाराचे वैद्य थॉमस ट्रॉटर यांनी १७८८ मध्ये एडिंबरा येथे सादर केलेल्या प्रबंधात आणि १८०४ च्या पुस्तकात एक पाऊल पुढे टाकले. दारूची सवय हा मनाचा आजार आहे, म्हणून वैद्याने आधी रुग्णाचा विश्वास मिळवला पाहिजे, असे त्यांनी लिहिले. हा सल्ला त्या काळात कोणी फारसा मनावर घेतला नाही, आणि त्याची किंमत रुग्णांच्या कित्येक पिढ्यांनी मोजली, असे मला वाटते.

'अल्कोहोलिझम' हा शब्द स्वीडनचे डॉक्टर माग्नुस हुस यांच्या १८४९ च्या ग्रंथातून आला. रुग्णालयात वर्षानुवर्षे पाहिलेल्या रुग्णांच्या आधारे त्यांनी हातांचा कंप, कातडीवर मुंग्या चालल्याचा भास, निद्रानाश, पायांतले बळ जाणे, भ्रम आणि झटके यांचे बारकाईने वर्णन केले. पुढे कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये आणि सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासून मेंदूच्या हानीचे जे प्रकार नोंदवले, त्यांमागे 'ब-१' जीवनसत्त्वाची कमतरता असते हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. हुस यांचे काम मोलाचे होते, पण त्यांच्या शब्दाबरोबर एक मर्यादाही आली. त्यांनी व्यसनाने झालेली हानी मोजली, खुद्द व्यसन नव्हे. 'रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे मला काही व्यसन नाही,' असे आजही कितीतरी जण मनापासून म्हणतात. यकृत बिघडेपर्यंत व्यसन सुरूच झालेले नसते, असा हा समज आहे. प्रत्यक्षात यकृताची तक्रार येते तेव्हा व्यसनाला अनेकदा वर्षे लोटलेली असतात.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकाबाहेरही प्रयत्न झाले. बाल्टिमोर शहरातल्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी १८४० मध्ये दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यांची 'वॉशिंग्टोनियन' चळवळ झपाट्याने पसरली. काही वर्षांतच ती राजकीय वादांत विरूनही गेली. न्यूयॉर्क राज्यात १८६४ मध्ये व्यसनींसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. लेस्ली कीली यांनी १८७९ पासून 'सोन्याचे औषध' विकून मोठा धंदा उभारला, पण त्या औषधाचा गुण कधी सिद्ध झाला नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती, आणि ती येईपर्यंत व्यसनींवर उपचार करणाऱ्या बहुतेक संस्था बंद पडलेल्या होत्या. बाटलीवर बंदी घातली की पिणाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटेल, ही आशा त्यामागे होती.

पुढच्या टप्प्याची सुरुवात ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात झाली. न्यूयॉर्कचे शेअर बाजारातले व्यावसायिक बिल विल्सन काही महिन्यांपूर्वी दारूतून सुटले होते. मे १९३५ मध्ये ते कामासाठी ॲक्रनला गेले, पण व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दालनात एकटे उभे असताना एका बाजूने बारमधली गजबज कानावर येत होती आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. त्यांनी धर्मोपदेशकांच्या यादीतले क्रमांक फिरवले आणि विचारले, की मला बोलायला दारूने गांजलेला एखादा माणूस भेटेल का. त्यांतून गाठ पडली ती शल्यचिकित्सक डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांच्याशी. पंधरा मिनिटांत आटोपायचे, असे पत्नीला बजावून डॉक्टर आले, आणि दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले. विल्सन यांनी उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टर त्यानंतरही एकदा घसरले. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांचे हात थरथरत होते, तेव्हा ते स्थिर राहावेत म्हणून विल्सन यांनीच त्यांना बिअर दिली. तो त्यांचा शेवटचा घोट ठरला. १० जून १९३५ हा दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजेच 'एए', या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो.

या घटनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक, सुटलेल्या माणसाला स्वतः सुटलेले राहण्यासाठी दुसऱ्याची गरज होती, म्हणून मदत करणारा आणि मदत घेणारा एकाच पातळीवर आले. दुसरी, आयुष्यभराच्या शपथेऐवजी फक्त आजच्या दिवसाचा निश्चय आला. 'यापुढे कधीच नाही' हे वाक्य ज्याने वीस वेळा मोडले आहे, त्याला 'आज नाही' एवढेच झेपते. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' ही संघटना उभी राहिली. घरात एकाला व्यसन असले की बाकीच्यांचेही आयुष्य त्याच्या पिण्याभोवती फिरू लागते, हे या संघटनेने मान्य केले होते.

एएच्या सभासदांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ई. एम. जेलिनेक यांनी १९४६ मध्ये व्यसनाच्या टप्प्यांचा पहिला आराखडा मांडला. त्यांत लपून पिणे, आदल्या रात्रीचे काहीच न आठवणे, कारणे शोधणे, सकाळी पिणे आणि सलग दिवसच्या दिवस पिणे अशी पायऱ्यांची उतरंड होती. आजही अनेक व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतींवर तिचा तक्ता दिसतो. मात्र तो मूळ अभ्यास अवघ्या ९८ पुरुषांच्या उत्तरांवर उभा होता. स्त्रियांची उत्तरे वेगळी पडली म्हणून ती बाजूला ठेवली गेली. स्त्रियांचे व्यसन नंतरही दीर्घकाळ उशिरा ओळखले जात राहिले, त्याचे एक मूळ मला येथे दिसते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये मद्यव्यसन हा आजार असल्याचे जाहीर केले.

थरथरत्या हाताचे कोडे याच सुमारास सुटले. दारू थांबल्यावर येणाऱ्या वाताच्या झटक्याला, म्हणजे कंपासह होणाऱ्या तीव्र भ्रमाला, थॉमस सटन यांनी १८१३ मध्येच 'डिलिरियम ट्रेमेन्स' हे नाव दिले होते, पण तो दारूच्या विषाने होतो, उपासमारीने होतो की दारू तुटल्याने, यावर वाद होता. हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा जणांना पुरेसा आहार आणि जीवनसत्त्वे देत भरपूर दारू पाजली गेली आणि मग ती एकदम बंद केली. जे सर्वांत जास्त दिवस प्यायले होते, त्यांनाच आकडी आणि भ्रम झाला. आज असा प्रयोग कोणीही करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण त्यातून एक निर्णायक गोष्ट कळली. दारू मेंदूला मंद करते, मेंदू तिच्याशी जुळवून घेण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू अचानक काढून घेतली की ती उत्तेजना मोकाट सुटते. कंप काही तासांत सुरू होतो, आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि भ्रमाचा धोका दोन ते चार दिवसांच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याने घरी, कोणालाही न विचारता एका दिवसात दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेंझोडायझेपिन गटातील औषधे आणि 'ब-१' देऊन हे दिवस सुरक्षित पार पाडता येतात. हिंमत म्हणून कोंडून घेणाऱ्या माणसाला हे वेळेत सांगणारे कोणी भेटावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आजची लक्षणांची चौकट मुख्यतः ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून आली. त्यांनी सात खुणा सांगितल्या. त्यांतली पहिली फारशी कोणाच्या लक्षात येत नाही : पिण्याचा साचा आक्रसत जातो. पूर्वी हा माणूस प्रसंगानुसार प्यायचा, कधी दोन पेग, कधी काहीच नाही. आता सुट्टी असो वा कामाचा दिवस, आनंद असो वा दुखवटा, वेळ तीच आणि प्रमाण तेच, कारण आता तो अंगातली दारू एका पातळीखाली जाऊ नये म्हणून पीत असतो. त्यानंतर दारू इतर सगळ्यांच्या आधी येऊ लागते. शेवटची खूण सर्वांत क्रूर आहे. काही महिने सोडल्यानंतर पुन्हा सुरुवात केली, तर जे व्यसन जडायला वर्षे लागली होती ते काही दिवसांत जुन्या ठिकाणी परत येते. 'आता एखादा घेऊन बघू' हा विचार म्हणूनच घात करतो. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात ११ निकष आहेत. १२ महिन्यांत त्यांतले दोन आढळले तरी सौम्य विकार मानला जातो आणि सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. म्हणजे सगळे गमावून बसेपर्यंत थांबण्याची गरज उरलेली नाही.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. डेन्मार्कमध्ये १९४८ मध्ये डायसल्फिराम पुढे आले. ते घेतल्यावर दारू प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, धडधड आणि उलट्या होतात. त्यामुळे ते रुग्णाला न कळवता खाण्यात मिसळणे धोक्याचे आहे. ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली आणि अकॅम्प्रोसेटला २००४ मध्ये. समुपदेशनात विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने डॉक्टरांचा सूर बदलला : रुग्णाला खोटे पाडण्याऐवजी त्याच्याच तोंडून सोडण्याची कारणे येऊ द्यायची. ट्रॉटर यांचा सल्ला असा पावणेदोनशे वर्षांनी परत आला. पुढे 'प्रोजेक्ट मॅच' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १,७२६ रुग्णांवर तीन पद्धतींची तुलना झाली. त्यांत एएच्या बारा पायऱ्यांवर आधारलेली पद्धतही होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्हींचे यश जवळपास सारखे निघाले. एक वाट जमली नाही तर दुसरी धरता येते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

ओळखण्याची साधनेही सोपी होत गेली. जॉन युइंग यांच्या चार प्रश्नांत कमी करावेसे वाटले का, कोणी टोकल्याचा राग आला का, अपराधी वाटले का आणि सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली का, एवढेच विचारले जाते. दोन 'हो' आले तर पुढे तपासणे आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये दहा प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी आणली. तिचे एकूण गुण ४० असून ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याचे मानले जाते. तिचा दहावा प्रश्न असा आहे, की नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कोणी तुमच्या पिण्याबद्दल काळजी व्यक्त केली आहे का. गेल्या वर्षभरात केली असेल, तर त्या एका उत्तराचे ४ गुण धरले जातात. घरच्या माणसाचे जे बोलणे पिणाऱ्याने आजवर कटकट म्हणून उडवून लावले, ते या चाचणीत लक्षण म्हणून मोजले जाते.