घर खचतंय की वर उचललं जातंय?

खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेलेली दिसली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पाया खचला." पुष्कळदा ते खरंही निघतं. पण भेगेतून एवढंच कळतं की भिंतीचा एक भाग दुसऱ्याच्या मानाने हलला आहे. कोपरा खाली गेला, की कोपरा जागेवरच राहून मधला भाग वर आला? दोन्हींत भिंत सारखीच वाकते, कमानीसारखी मध्ये उंच. दोन्हींत भेग वर रुंद आणि खाली निमुळती होते. दारं दोन्हींत अडकतात. उपाय मात्र दोन्हींचे अगदी वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर पैसे जातातच, वर नवी भेगही पडते.

खचण्याचं कारण समजायला सोपं आहे. पायाखालची माती दबली, वाहून गेली किंवा आकसली. नीट न ठोकलेला भराव घराच्या वजनाने दबत राहतो. गच्चीचं पाणी पाइपातून थेट भिंतीच्या बुडाशी पडत असेल, तर त्या कोपऱ्याची माती पावसागणिक मऊ होते आणि बारीक कण धुपून जातात. जमिनीतली ड्रेनेजची लाइन फुटली असेल तर हेच काम गुपचूप चालतं, वर ओलसुद्धा दिसत नाही.

फुगणं मात्र पटकन पटत नाही. माती घर उचलू शकते? काही चिकणमाती उचलते. त्यांच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि सगळी माती फुगते. सुकली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा ही याच मातीची खूण. हलक्या बैठ्या घराला तर ती सहज उचलते, कारण वरचं वजन फुगण्याचा दाब अडवायला पुरत नाही.

यात एक गंमत आहे. घर बांधलं की त्याच्याखालच्या जमिनीचं बाष्पीभवन थांबतं. मधल्या मातीत ओल साठत जाते, कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे सुकते आणि भिजते. म्हणून वर्षानुवर्षं मधली फरशी हळूहळू घुमटासारखी वर येते, आणि कोरड्या दिवसांत कडा आकसून खाली जातात. म्हणजे एकाच घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असू शकतात. उलट मोठ्या पावसात कडेची माती फुगली तर कडा वर येतात आणि भिंत थाळीसारखी वाकते. तेव्हा भेगेचं रुंद तोंड खाली असतं.

झाडांचंही तसंच. चिकणमातीत भिंतीजवळ वाढलेलं झाड ओल शोषून माती आकसवतं, त्या बाजूचा पाया खचतो. १९७६ च्या दुष्काळात ब्रिटनमध्ये अशा जमिनीवरच्या असंख्य घरांना तडे गेले. मग सुचणारा उपाय म्हणजे झाड तोडणं. पण झाड जुनं असेल तर ते गेल्यावर माती पुन्हा पाणी ओढून घेते आणि पुढची काही वर्षं फुगत राहते. कालपर्यंत खचणारा कोपरा उद्या वर यायला लागतो. म्हणून जुन्या झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी अभियंत्याला विचारावं, शेजाऱ्याला नाही.

मग ओळखायचं कसं? माझा भरवसा भेगेच्या आकारापेक्षा तारखेवर जास्त. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा, मधली रुंदी मोजा. दर महिन्याला, किमान एक वर्षभर. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात भेग उघडत-मिटत असेल तर ही फुगणाऱ्या मातीची करामत आहे. एकाच दिशेने रुंदावत असेल तर बहुधा खचणं चालू आहे, किंवा वर सांगितल्याप्रमाणे मधला भाग वर्षानुवर्षं संथपणे वर येतोय. कधीतरी थांबून तशीच राहिली असेल तर घर आपल्या जागी बसलंय. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन खोल्यांच्या फरशीची पातळी तपासली तर आणखी कळतं, पण ती पातळी घरापासून दूरच्या, न हलणाऱ्या एखाद्या खुणेशी ताडून पाहायला हवी. नाहीतर पुन्हा फक्त फरकच कळेल. एक मिलिमीटरच्या आतल्या, केसासारख्या भेगा बहुधा गिलावा आकसल्याच्या असतात, त्यांच्यासाठी झोप घालवू नका. पाच मिलिमीटरच्या पुढे गेलेली भेग मात्र वर्षभर थांबण्याची नाही, तिच्यासाठी लगेच माणूस बोलवावा.

फरक दोन्ही बाजूंनी भरून काढता येतो, हे पिसाच्या मनोऱ्यावर दिसलं. तो दक्षिणेकडे खचला होता. १९९० मध्ये बंद करून, शेवटी उत्तरेकडच्या पायाखालून थोडी थोडी माती काढली. खचलेली बाजू उचलण्याऐवजी उंच बाजूच खाली घेतली, आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला.

घराचं तसं करायची वेळ क्वचितच येते, पण तत्त्व तेच. खचणाऱ्या घराला खालच्या घट्ट थरापर्यंत आधार द्यावा लागतो. फुगणाऱ्या मातीत तोच आधार उथळ दिला तर माती त्यालाच उचलते. तिथे ऋतूंचा परिणाम पोहोचत नाही इतक्या खोल जाणारे, बुडाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीतले खांब, घालतात आणि वरच्या तुळईखाली मुद्दाम काही सेंटिमीटरची पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला धडकत नाही.

या सगळ्याआधी पाणी. घर खचत असो की फुगणाऱ्या मातीने उचललं जात असो, हा उपाय दोन्हींना लागू आहे. भिंतीपासूनची जमीन पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण पंधरा सेंटिमीटर उतरती असावी, गच्चीचा पाइप त्या उतारापलीकडे सुटावा, फुलझाडांचा वाफा भिंतीला चिकटून नसावा. ओलीत चढउतार कमी झाला की पुष्कळ भेगा आपोआप थांबतात. भेग बुजवण्याचा गिलावा सगळ्यात शेवटी.

भूकंपाची भेग आणखी निराळी. हादरा भिंतीला आलटून पालटून दोन्हीकडे ढकलतो, म्हणून दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखी, एकमेकींना छेदणारी भेग पडते. जमिनीच्या संथ हालचालीने पडलेली तिरकी भेग सहसा एकाच दिशेची असते. पण आधी तडकलेल्या भिंतीतला सांधा हादऱ्यात सगळ्यात आधी सुटतो, म्हणून जुनी भेग रंगाखाली लपवणं परवडत नाही. आणि पायाखाली पाण्याने भरलेली सैल वाळू असेल तर भिंत शाबूत राहूनही उपयोग नाही: १९६४ मध्ये जपानच्या निगाताला इमारती जवळजवळ न तुटता अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या होत्या, कारण वाळूच काही क्षण पाण्यासारखी झाली होती.