उत्तरायण कोणतं, डिसेंबरातलं की संक्रांतीचं?

साताऱ्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "चला, आजपासून दिवस मोठा व्हायला लागला." तो खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच व्हायला लागलेला असतो.

दिवस वाढू लागतो तो २१ किंवा २२ डिसेंबरपासून. सूर्य दक्षिणेकडे जितका जायचा तितका जाऊन मकरवृत्तावरून मागे वळतो. आपल्याकडे तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. संक्रांतीचा हिशेब ताऱ्यांवर आहे. १४ किंवा १५ जानेवारीला सूर्य मकर राशीत शिरतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. पृथ्वीचा अक्ष मात्र भोवऱ्यासारखा डुलत असतो, ७२ वर्षांत जेमतेम एक अंश. तेवढ्या संथ चालीनेही आता दोघांत तेवीस-चोवीस दिवसांचं अंतर पडलंय.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे आणि ते मला पटतं. डिसेंबरानंतर दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. सकाळी सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज किंचित उशिराच उगवतो. पहाटेची एसटी पकडणाऱ्याला तर संक्रांतीपर्यंत अंधारच वाढताना दिसतो. त्याने संक्रांतीलाच पालट मानला तर त्याचं काय चुकलं?

खात्री करायची असेल तर तीन फुटांची काठी गच्चीत उभी धरा. २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली अडीच फुटांहून थोडी जास्त भरते, वर्षातली मध्यान्हीची सगळ्यात लांब. मी तिच्या टोकाशी गेरूची रेघ ओढते. संध्याकाळी पश्चिमेला, यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला बघावं, सूर्य डावीकडे पार टोकाला मावळतो आणि पुढचे काही दिवस तिथेच थबकल्यासारखा वाटतो.

इराणात ही वर्षातली सगळ्यात मोठी रात्र डाळिंबं खात जागवतात. आपल्याकडे या दिवसाला ना सुगड, ना वाण. म्हणून तो मी माझ्यापुरता ठेवलाय. वर्षभरात लोकांकडून आलेले डबे, वाट्या, वाचायला आणलेली पुस्तकं ओट्यावर काढते आणि ज्याची त्याला पोचवते. भांडं रिकामं परत देऊ नये, असं आई सांगायची. गुऱ्हाळं चालू असतात, तेव्हा प्रत्येक डब्यात नव्या गुळाचा खडा. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचा पितळी डबा दिला. त्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. आठ महिने माझ्याकडे होता, याची मला खरंच लाज वाटत होती. काकूंनी झाकण उघडून आधी गुळाचा वास घेतला, मग बोटाने ते नाव पुसलं. दिवेलागणीला मी घरी आले तेव्हा ओटा मोकळा होता. माझं नवं वर्ष तिथून सुरू होतं.

संक्रांत याच्या अगदी उलट, घर भरून जाण्याची. वाण लुटायचं, रथसप्तमीपर्यंत ये-जा चालू. खगोलाला धरून तीही डिसेंबरातच करावी, असं कुणी सुचवतं तेव्हा मला ते पटत नाही. भोगीच्या भाजीला हरभऱ्याचे भरलेले घाटे लागतात, ते २१ डिसेंबरला आणायचे कुठून? सुगडात ऊस, बोरं, गाजर, ओंबी असं शेतात तयार झालेलं घालतात. तो सण सूर्याइतकाच रानाचा आहे.

संक्रांतीला दुपारी, पाहुण्या यायच्या आधी, मी काठी घेऊन पुन्हा गच्चीत जाते. सावली गेरूच्या रेघेपासून दोनेक इंच आत आलेली असते.