पिल्लाच्या आईचे खुबे कुणी पाहिले?

कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस घ्यायला गेलेला माणूस नुसती कास बघून दावं सोडत नाही. "हिच्या आईला दूध किती होतं?", "कुठल्या रेड्याची?", "वेत कितवं?" असे प्रश्न होतात आणि उत्तरं पटली तरच व्यवहार पुढं सरकतो. त्याच घरात लॅब्राडॉरचं पिल्लू आणायचं ठरलं की डोकं मोठं आहे का, पंजे जाड आहेत का आणि 'पेपर' आहेत का, एवढ्यावर हजारो रुपये मोजले जातात. पेपर म्हणजे वंशावळ, पूर्वजांची नावं. आजोबाला म्हातारपणी दिसत होतं का, आईचे खुबे कसे होते, हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

आणि लॅब्राडॉरमध्ये नेमके हेच दोन प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचे आहेत.

आधी डोळ्यांचं बघू. 'पीआरए' नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. सुरुवातीला कुत्रा संध्याकाळी अंगणात अडखळतो, रात्री जिना उतरायला कचरतो. पुढं दिवसाही दिसेनासं होतं. लॅब्राडॉरमधल्या नेहमीच्या प्रकारात हे साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात लक्षात येतं. पण चांगला नर दोन वर्षांचा झाला की लोक त्याच्याकडं मादी भरवायला आणू लागतात. म्हणजे त्याची दृष्टी जाईपर्यंत त्याची पिल्लं गावभर पसरलेली असतात.

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यामुळं जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. पीआरए व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एकच बिघडलेली असेल तर कुत्रा जन्मभर ठणठणीत राहतो, तो फक्त 'वाहक' असतो. डॉक्टरांनी कितीही तपासलं तरी त्याच्या डोळ्यांत काही सापडणार नाही. दोन वाहक एकत्र आले की सरासरी चारातलं एक पिल्लू आंधळं होणार, दोन वाहक होणार आणि एक पूर्ण निर्दोष. दोन निरोगी कुत्र्यांच्या पोटी आंधळं पिल्लू येतं ते असं. ब्रीडर "आमच्या लाईनमध्ये असलं काही नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याला खरंच दिसलेलं नसतं.

नात्यातला संकर केला की हा धोका वाढतो. सख्ख्या भावंडांचा किंवा बाप-लेकीचा संकर केला तर पिल्लाच्या कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता २५ टक्के असते. सावत्र भावंडांत ती १२.५ टक्के असते. शोमध्ये जिंकलेल्या एकाच नराकडं सगळ्यांनी माद्या नेल्या, तर काही वर्षांत गावातले निम्मे कुत्रे एकमेकांचे सावत्र भाऊ-बहीण होतात आणि मग नातं टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नाही.

दूधवाल्यांनी हा धडा महागात शिकलेला आहे. ओसबॉर्नडेल आयव्हनहो हा होल्स्टीन वळू १९५२ साली अमेरिकेत जन्मला. त्याच्या वंशातल्या वळूंचं गोठवलेलं वीर्य जगभर गेलं. सोबत 'ब्लॅड' नावाच्या आजाराचं जनुकही गेलं. दोन्ही प्रती बिघडलेली वासरं साध्या जंतुसंसर्गानंही दगावतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनए चाचणी आली तेव्हा अमेरिकेत तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. आज भारतातल्या वीर्य केंद्रांवरच्या होल्स्टीन वळूंचीही ही चाचणी सक्तीची आहे. आपल्या गोठ्यातल्या गाईला भरायला येणारी वीर्याची कांडी तपासलेल्या वळूची असते. कुत्र्याच्या बाबतीत अशी व्यवस्था नाही, म्हणून मालकानंच विचारायला हवं.

कुत्र्याची पीआरएसाठीची डीएनए चाचणी अवघड नाही. गालाच्या आतून काडी फिरवून किंवा थोडं रक्त घेऊन नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. ती जन्मात एकदाच करावी लागते, कारण जनुक वयानुसार बदलत नाही. खरा प्रश्न निकाल आल्यावरचा आहे. वाहक निघालेला कुत्रा बाद करावा असं बहुतेकांना वाटतं, आणि इथं मला ठाम सांगायचं आहे की तसं करू नये. वाहकाचा संकर निर्दोष कुत्र्याशी केला तर एकही पिल्लू आजारी होत नाही. त्यातली निर्दोष पिल्लं पुढच्या पिढीसाठी निवडता येतात. सगळे वाहक एका फटक्यात काढून टाकले, तर त्यांच्याबरोबर चांगली जनुकंही जातात आणि उरलेले कुत्रे आणखी जवळचे नातलग होतात.

डाल्मेशियनचं उदाहरण बघा. ठिपक्यांच्या या जातीत लघवीत युरिक आम्ल जास्त असण्याचा दोष इतका पसरला की निर्दोष प्रत असलेला कुत्राच उरला नाही. मूतखड्यानं नर तळमळायचे. १९७३ साली अमेरिकेत एका डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर केला गेला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. काही पिढ्यांत ठिपके तेच राहिले आणि दोष गेला. पण अमेरिकेतल्या केनेल क्लबनं हा वंश कायमचा स्वीकारायला २०११ उजाडलं.

खुब्यांचं गणित वेगळं. खुब्याच्या सांध्याची वाटी उथळ राहते, गोळा नीट बसत नाही, सांधा झिजतो आणि कुत्रा सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळू लागतो. यात अनेक जनुकं गुंतलेली असल्यानं एका चाचणीत निकाल लागत नाही. एक वर्षानंतर, शक्यतो दोन वर्षांच्या वयात, गुंगी देऊन नीट मांडणीत एक्स-रे काढावा लागतो. ब्रिटनमध्ये असे एक्स-रे तपासून घ्यायची योजना १९६५ पासून आहे. खाण्याचाही मोठा वाटा असतो. ४८ लॅब्राडॉरच्या २४ जोड्या करून अमेरिकेत एक दीर्घ अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणारे सरासरी १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. पिल्लू गुबगुबीत दिसावं म्हणून चपातीवर तूप घालणाऱ्या आज्जींना हे प्रेमानं सांगायलाच हवं. गुळगुळीत फरशीवर घसरणाऱ्या पिल्लासाठी एखादं जुनं जाजम अंथरावं.

डॉबरमनमधला हृदयाचा आनुवंशिक आजार ही तिसरीच गोष्ट. तिथं माहीत असलेली जनुकं अर्धंच उत्तर देतात, म्हणून दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांचा ईसीजी हाच आधार.

आपल्याकडच्या कारवानीबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. मुधोळच्या घोरपडे राजांनी नावारूपाला आणलेला, २००५ साली टपाल तिकिटावर आलेला हा शिकारी कुत्रा कागल, गडहिंग्लजपासून फार लांबचा नाही. त्याच्या पळण्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली, म्हणून तो काटक राहिला. आता तो शहरात 'हौस' म्हणून विकला जातो. मागणी वाढली की एक-दोन देखण्या नरांवर भर पडतो आणि लॅब्राडॉरचं झालं तेच इथं सुरू होऊ शकतं.

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत. ब्रीडरनं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप लावायची. चिपमुळं कुत्र्याची ओळख पक्की होते. पण आजाराची नोंद कुणीतरी ठेवली तरच तिचा उपयोग. कारवानी पाळणाऱ्यांनी एवढं तरी करावं: नर निवडताना दोन वर्षांचा देखणा घेण्याऐवजी सहा-सात वर्षांचा, अजून पळणारा, नीट दिसणारा घ्यावा, कारण उशिरा उमटणारे बरेचसे दोष तोवर उघड झालेले असतात. एकाच नराकडं सगळ्यांनी जाऊ नये. आणि कुत्रा मेला की वय आणि कारण लिहून त्याचं पिल्लू ज्या घरात गेलं असेल त्यांना फोन करून सांगावं.