नस कापण्याआधी गोठवून पाहा

चवड्याखाली खडा टोचतोय असं वाटतं, बूट काढून झटकला तर आत काहीच नसतं. थोडं चाललं की तिसऱ्या-चौथ्या बोटांत करंट गेल्यासारखी कळ येते. याचं नेहमीचं कारण म्हणजे मॉर्टन्स न्यूरोमा: बोटांमागच्या लांब हाडांच्या टोकांमध्ये नस दाबली जाऊन तिच्याभोवती तंतुमय थर जाड होतो.

रुंद बूट, बुटात ठेवायचा पॅड आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊनही महिनोन्‌महिने फरक पडला नाही, तर थेट नस कापून काढण्याआधी क्रायोॲब्लेशनचा, म्हणजे नस गोठवण्याचा विचार करता येतो.

आधी चाचणी. सोनोग्राफीत पाहत नसेपाशी एक-दोन मिली भुलीचं औषध देतात. दुखणं तासाभरापुरतं तरी जवळजवळ थांबलं, तर नस बरोबर सापडली. नाही थांबलं, तर सांध्याची सूज, हाडाची बारीक चीर किंवा घोट्यापाशी दबलेली नस शोधायला हवी. मधुमेहामुळे दोन्ही तळपायांची आग होत असेल, तर एकच नस गोठवून काही साधत नाही.

प्रत्यक्ष उपचारात पायाच्या वरच्या बाजूने शिरतात, कारण तळव्यावरचा व्रण प्रत्येक पावलाला दुखू शकतो. सुरुवातीला फक्त त्वचा बधीर करतात. प्रोबच्या, म्हणजे गोठवणाऱ्या सुईसारख्या नळीच्या, टोकातून हलका विद्युतप्रवाह सोडला की रुग्णाला नेमक्या त्याच बोटांत मुंग्या यायला हव्यात. जागा पक्की झाल्यावर नस बधीर करतात. मग प्रोबच्या आत दाबाखालचा नायट्रस ऑक्साइड बारीक छिद्रातून सुटतो, प्रसरण पावतो आणि टोक उणे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतं. साधारण दोन मिनिटं गोठवणं, थोडं वितळू देणं, पुन्हा गोठवणं. टोकाभोवती जमलेला बर्फ पूर्ण वितळण्याआधी प्रोब ओढला तर चिकटलेली नस फाटू शकते. इथे घाई नडते.

सोनोग्राफीत बर्फाचा गोळा चकाकत्या कडेने दिसतो, आणि फसगत तिथेच होते. त्या कडेला तापमान शून्याच्या आसपासच असतं. नसेतले तंतू निकामी व्हायला साधारण उणे २० अंश लागतात, आणि ते मिळतात काही मिलिमीटर आत. नस कडेलाच राहिली तर ती नुसती सुन्न होते आणि कळ थोड्याच दिवसांत परतते. उलट गोळा त्वचेला भिडला तर हिमदाह होतो.

बरोबर जमलं तर आतले तंतू मरतात, पण त्यांच्याभोवतीच्या नळ्या शाबूत राहतात. नवे तंतू त्याच नळ्यांतून दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. कापलेल्या नसेला ही वाट उरत नाही, म्हणून टोकाशी वेडीवाकडी वाढ होऊन पुन्हा दुखरी गाठ बनू शकते. अर्थात, गोठवण्याचा आराम कायमचा असेलच असं नाही; तंतू परतल्यावर दुखणंही परतू शकतं. मग तोच उपचार पुन्हा करता येतो. दोन बोटांमधली जागा काही महिने बधीर राहते, ते अपेक्षितच आहे.

थंडीने अंगावर गांधी उठणारे, बोटं पांढरी-निळी पडणारे किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले रुग्ण यासाठी योग्य नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना आधी सांगाव्यात.

रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. एक-दोन दिवस सूज राहते. मात्र हाडांमधली जागा अरुंदच असल्याने टोकदार बूट पुन्हा घातले तर दाब तसाच पडतो. पॅडही हाडांच्या टोकांखाली ठेवू नये, त्याने दाब वाढतो. तो टोकांच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला हवा.